न शिजणाऱ्या डाळीचा निवाडा

एकदा एक वृद्ध आचार्य नदीकाठच्या एका मोठ्या शहरात मुक्कामाला असताना त्यांच्यापुढे चक्क डाळीचा खटला आला. हसू नका, त्या डाळीपायी एका बाईची भाकरी जायची वेळ आली होती.

शहरातल्या एका व्यापाऱ्याने घाटावर अन्नछत्र चालवले होते. तिथल्या द्वारकाबाईंच्या वरणाची ख्याती अशी, की घरी जेवून आलेली माणसेसुद्धा पंगतीला बसत. वैशाख लागला आणि ते वरण बिघडले. डाळीचा दाणा वेगळा, पाणी वेगळे. व्यापारी आपल्याच दुकानातली उत्तम तूरडाळ पाठवीत असे, त्यामुळे त्याचे डोके फिरले. त्यातच बाईंच्या पदराच्या गाठीला खायच्या सोड्याची पुडी सापडली. अन्नछत्रात सोडा वर्ज्य होता. मग काय, आयतेच कोलीत मिळाले! "चांगली डाळ बाहेर जाते आणि जुनाट डाळ सोड्यावर शिजवली जाते," असे व्यापाऱ्याने ठरवूनच टाकले.

आचार्यांनी चौकशीला आपल्या शिष्याला धाडले. शिष्य हुशार होता, आणि ते त्याला ठाऊकही होते. त्याने डाळ पारखली, ती चोख निघाली. चूल पाहिली. नदीवरून येणारे नळाचे पाणी ओंजळीत घेऊन पिऊन पाहिले, स्वच्छ, निर्मळ. मग उरले कोण?

"गुरुजी, दोष बाईंचाच," तो परत येऊन म्हणाला. "माझ्यासमोर चांगली डाळ काढली असेल. पुडी मात्र खोटे बोलत नाही."

"बाई काय म्हणाल्या?"

"त्यांना विचारायचे राहिलेच," शिष्य ओशाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचार्य स्वतः निघाले. वाटेत टेकडीवरच्या देवळाच्या हौदात पावसाचे पाणी साठवलेले असते, त्यातली एक घागर त्यांनी शिष्याच्या खांद्यावर दिली. कशासाठी, ते सांगितले नाही. अन्नछत्राच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकताच ते म्हणाले, "जरा साबण आणा."

व्यापारी गोंधळला. डाळीच्या खटल्यात साबणाचे काय काम?

"हात धू," आचार्य शिष्याला म्हणाले.

शिष्याने नळाखाली हात धरून साबण चोळला. पुन्हा चोळला. फेस काही येईना. हातावर नुसता पांढरट चिकटा. मग आचार्यांनी घागरीतले थोडे पाणी त्याच्या हातावर ओतले. तोच साबण, तेच हात, आणि बघता बघता मनगटापर्यंत फेस! शिष्य चकित होऊन पाहतच राहिला. दोन्हीकडचे पाणी दिसायला अगदी सारखे होते.

"बाई, आता या घागरीतल्या पाण्यात डाळ शिजत घाला. डाळ शेटजींच्या हातची घ्या."

द्वारकाबाईंनी डाळ चढवली. सगळे चुलीभोवती उभे राहिले. काही वेळाने बाईंनी पळी फिरवली, आणि डाळ लोण्यासारखी मोडली. बाईंच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले.

"सोडा का घालत होता, बाई?" आचार्यांनी हळुवारपणे विचारले.

"मला वाटलं, माझाच हात उतरला," बाई म्हणाल्या. "वय झालं, आता आपल्याच्यानं होत नाही. लोकांना कळू नये म्हणून चिमूटभर टाकायची, तरी पुरती शिजेना. डाळ नाही हो बदलली मी, महाराज. देवाशपथ!"

व्यापाऱ्याची मान खाली गेली.

आचार्य शिष्याकडे वळले. "पावसाळ्यात नदीत आभाळाचे पाणी असते. वैशाखात ती आटते, आणि तिच्यात उरते ते बहुतांशी जमिनीतून झिरपलेले, खडकातले क्षार सोबत घेऊन आलेले. असे जड पाणी पिताना तुला कळले नाही. डाळीला आणि साबणाला मात्र ते बरोबर कळते. नळ तोच राहिला, म्हणून पाणी बदलल्याची शंका कुणाला आली नाही. माणूस समोर उभा दिसतो, त्यामुळे दोष त्याच्या माथी मारणे सोपे जाते. आणि सगळ्यांनी बोट दाखवले की तो बिचारा स्वतःही स्वतःकडेच बोट दाखवू लागतो. या बाईंची नोकरी आपण कदाचित वाचवली असती. पण आपला हात चांगला आहे हा त्यांचा विश्वास जवळजवळ बुडालाच होता."

शिष्याला फार लाज वाटली. तो द्वारकाबाईंपुढे जाऊन हात जोडून उभा राहिला. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"हात धुतलेच आहेत तुम्ही," त्या म्हणाल्या, "तर आता पत्रावळी मांडा. माणसं खोळंबलीत."

शिष्याने पत्रावळी मांडल्या, पंगतीत वरण वाढले. कुणीतरी पहिला घास घेऊन विचारले, "आज कुणी नवीन आचारी आला का हो?"

"नाही," शिष्य म्हणाला, "बाई त्याच आहेत. चूक आमची होती."

आपल्या घरात किंवा कचेरीत एखाद्याचे चांगले चाललेले काम अचानक बिघडले, तर त्याला बोल लावण्याआधी त्याला पाणी कोणते मिळते आहे, एवढे पाहावे.