चंदीच्या कोठीची किल्ली

जहागीरदार हैबतरावांचा कुणावरच भरवसा नव्हता. घोड्याची निगा राखणारा मोतद्दार त्याच्या खुराकातला, चंदीचा हरभरा चोरतो, म्हणूनच आपला घोडा शर्यतीत मागे पडतो, या संशयाने त्यांनी हरभऱ्याच्या कोठीला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या कमरेला लावली होती. तशात माळकरी पैलवान रखमाजीने त्यांनी मटणावर पोसलेल्या मल्लाला चीत केलं.

“काय खातोस रे?” त्यांनी दरडावलं.

“भिजवलेला हरभरा नि मटकीची उसळ, सरकार.”

“दाण्यात कसली आलीय ताकद? गळ्यात माळ घालून चोरून मटण खातोस. कबूल कर, नाहीतर तुझी तालीम बंद.”

रखमाजीने त्यांच्या कमरेकडे पाहिलं.

“दाण्यात ताकद नसेल, तर ती किल्ली मोतद्दाराला देऊन टाका, सरकार.”

हैबतरावांची मूठ किल्लीवर घट्ट आवळली. तालीम बंद करायचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.