चावरी ठिणगी

शेळ्या-कोंबड्या माणसांसारख्या बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. डोळे उघडायच्या आतच ठिणगी नावाच्या मांजरीच्या पिल्लाची आई गेली. कापसाच्या बोळ्याने दूध पिऊन ठिणगी वाढली, आणि दिसेल त्याला कडकडून चावू लागली. शेळीचं शेपूट, कोंबडीची तंगडी, काही सोडेना. "आई गं," त्या ओरडायच्या. मग ठिणगी दाराकडे बघत बसायची.

शेवटी शेळीने शेजारच्या म्हाताऱ्या मांजरीला बोलावलं.

"का गं चावतेस?" म्हातारीने ठिणगीला विचारलं.

"चावलं की सगळे आईला हाक मारतात," ठिणगी म्हणाली. "कधीतरी येईलच की ती."

म्हातारी जवळ सरकली. मग तिने ठिणगीचा कान हळूच, पण दुखेल इतपत चावला.

"आई गं," ठिणगी कळवळली.

"ओ," म्हातारी म्हणाली, आणि तोच कान चाटायला लागली.