न सांगितलेली पिढी

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा शेजारची राज्ये सीमेचे तंटे तलवारीऐवजी घोड्यांच्या पैजेने मिटवत, तेव्हाची ही गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा थांबून ऐकावी.

दोन राज्यांच्या मधोमध एक हिरवेगार कुरण होते. ते कोणाचे, हे दर तपाला एका शर्यतीवर ठरे. ही शर्यत सपाट मैदानावरची नव्हती. दगड रचून केलेले उंच गडगे, खोल चर, वाहता ओढा आणि निसरडा उतार, असे सगळे पार करून जो घोडा आधी पोचेल, त्याच्या राज्याची गुरे पुढचे एक तप त्या कुरणात चरत.

यातल्या एका राज्यात सुभानजी नावाचा अश्वपारखी होता. कोणताही जातिवंत घोडा समोर आणा, सुभानजी त्याचा बाप, आजा, पणजा आणि आईकडची सगळी घोडी तोंडपाठ सांगे. कोण कुठे जिंकला, कोणाची छाती कशी होती, कोणाचा राग कसा होता, सारे त्याला ठाऊक. राजा त्याच्या शब्दाबाहेर जात नसे.

सुभानजीला एकच मुलगी होती, तुळजा. आई लहानपणीच गेली, म्हणून ती बापाच्या मागे तबेल्यातच वाढली. तिच्याइतके हलक्या हाताने घोडा हाकणारे त्या राज्यात दुसरे कोणी नव्हते. त्या वर्षीची शर्यत तिनेच धावावी, असे राजाने ठरवले होते. घोडा तेवढा निवडायचा राहिला होता.

तबेल्यात दोन जनावरे त्या योग्यतेची होती. एक शार्दूल नावाचा तांबूस घोडा. त्याचा बाप वायुजित मैदानावर कधी कोणाला पुढे जाऊ देत नसे. वायुजित आणि शार्दूलची आई यांची जोडी सुभानजीनेच जमवली होती, आणि शार्दूल जन्मला तेव्हा त्याने सगळ्या तबेल्याला गूळ वाटला होता. दुसरी सावळी नावाची घोडी. तिचा बाप चांगल्या घराण्यातला, पण शर्यतीत नेहमी शेवटी येणारा. त्यामुळे दरबारात त्याचे नाव कोणी काढत नसे.

निवडीच्या आदल्या दिवशी तुळजा बापाला म्हणाली, "बाबा, सावळी द्या मला."

"सावळी? तिच्या बापाने एक शर्यत जिंकल्याचं ऐकलंयस कधी?"

"नाही ऐकलं. पण तिची आई कुठल्याही कुंपणात टिकायची नाही, उभ्या उभ्या पलीकडे जायची. तुम्हीच सांगायचात. आणि तिची आजी म्हातारपणापर्यंत घाटातून टपाल घेऊन जायची, एकदाही लंगडली नाही. हेसुद्धा तुम्हीच सांगितलंय."

"शार्दूलच्या रक्तातला वेग बघ ना."

"वेग आहेच. पण त्याच्या घराण्यात गडगा ओलांडलेला घोडा कोणता? एक नाव सांगा." मग ती आवाज उतरवून म्हणाली, "आणि वायुजितच्या आधीच्या पोरांचं काय झालं, बाबा? पुढच्या पायाची नस सुजून दोघंही कायमची बसली. स्वतः वायुजितचा पायसुद्धा तसाच गेला होता."

हे सुभानजीला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होते. सपाट जमिनीवर ती नस टिके. उंचावरून कठीण जमिनीवर पाय टेकला, की तिथेच घात होई. पण शार्दूल ही त्याच्या सगळ्या विद्येची मिरवायची वस्तू होती. तो म्हणाला, "शार्दूलचे पाय चांगले आहेत. मी बघितलेत."

दुसऱ्या दिवशी भर दरबारात राजाने शार्दूलची वंशावळ विचारली. सुभानजीने ती अशी काही सांगितली, की लोक माना डोलवू लागले. एकेका पूर्वजाचे नाव निघे आणि त्यामागून त्याचा विजय. जे लंगडे झाले, त्यांची नावे त्याच्या ओठांवर आलीच नाहीत.

राजाने अखेर विचारले, "सुभानजी, या घराण्यात काही उणं?"

तुळजा समोरच उभी होती. बापाची नजर तिच्यावर गेली आणि लगेच बाजूला झाली.

"काही नाही, महाराज."

बापाचा शब्द दरबारात खाली पाडणे तुळजाला जमले नाही. तिने मान खाली घातली आणि शार्दूलचा लगाम हातात घेतला.

पुढचे कितीतरी दिवस तिने त्याला जिवापाड शिकवले. शार्दूल गुणी होता. त्याला उडी कळत नव्हती. पळता पळताच तो गडग्यावर झेप घेई आणि त्याचे खूर वरच्या दगडांना घासत. पण तुळजाने इशारा करताच तो पुन्हा जाई. थकला तरी जाई. सुभानजी लांबून बघे आणि स्वतःला समजावी, की बघ, येतंय की त्याला.

शर्यतीचा दिवस उजाडला. दोन्ही राज्यांचे लोक टेकडीवर जमले, त्यात तोवर त्या कुरणात गुरे चारत आलेले सुभानजीच्या राज्यातले गुराखीही होते. सुरुवातीच्या सपाटीवर शार्दूल असा सुटला, की पलीकडच्या राज्याचा स्वार मागे दिसेनासा झाला. लोकांनी आरोळ्या ठोकल्या. पहिला गडगा झाला, चर झाला, ओढा झाला. उतारावर तुळजाने त्याला आवरून घेतले, त्याच्या मानेवर थोपटले. शेवटचा गडगा उरला होता.

शार्दूल उडाला. पलीकडे खडकाळ जमीन होती. पुढचा पाय टेकला आणि दुमडला.

टेकडीवरून सुभानजी धावत आला, तेव्हा तुळजा मोडका हात छातीशी धरून बसली होती. शार्दूल तीन पायांवर उभा होता, आणि तसाच लंगडत तिच्याकडे येऊ पाहत होता. मागून आलेला पलीकडचा स्वार शेवटच्या खुणेपर्यंत गेला, शर्यत जिंकला, मग घोड्यावरून उतरून परत आला आणि मान खाली घालून बाजूला उभा राहिला.

वैद्याने पाय चाचपला आणि मान हलवली.

"त्याला चालायला लावू नका, बाबा," तुळजा म्हणाली. "त्याला जे येत नव्हतं, ते त्याने माझ्यासाठी केलं. त्याची काही चूक नाही."

"नाही," सुभानजी म्हणाला. "त्याची नाही."

शार्दूलला वेदनेतून सोडवण्याचे काम त्याने दुसऱ्या कोणाला करू दिले नाही.

राजाने त्याला शिक्षा केली नाही. उलट समजुतीच्या सुरात म्हणाला, "अंदाज कोणाचाही चुकतो, सुभानजी."

तिथे गप्प राहिला असता, तर सगळे निभावले असते. पण सुभानजी म्हणाला, "अंदाज चुकला नाही, महाराज. मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही."

राजा उठून आत गेला. त्यानंतर दरबारातून सुभानजीला कधी बोलावणे आले नाही.

कुरण गेले. गुराख्यांना गुरे घेऊन दूरच्या उजाड माळावर जावे लागे, आणि उन्हाळ्यात कित्येक वासरे वाटेतच बसत. तुळजाचा हात बरा झाला. तिने सावळीला शिकवायला घेतले. सावळी गडग्यापाशी क्षणभर कान टवकारी आणि पलीकडे अलगद उतरे. बघणाऱ्याचे डोळे भरून येत. पण पुढची शर्यत एका तपानंतर होती, आणि तोवर सावळीचे धावायचे वय उलटून जाणार होते.

तुळजा बापाशी कधी वाकडे बोलली नाही. त्याचे जेवण वाढी, त्याला हवे-नको बघे. फक्त घोड्यांविषयी ती त्याला पुन्हा काही विचारत नसे. सुभानजीला ते सगळ्यात जड गेले.

त्याच्या दारी अजूनही कधीमधी कोणी शिंगरू घेऊन येई. सुभानजी आधी विचारी, "याच्याकडून काम काय घेणार?" मग त्या घराण्यात कोण लंगडले, कोण बुजरे निघाले, कोण लवकर गेले, हे सांगे, आणि जिंकलेल्यांची नावे सर्वांत शेवटी घेई. ज्यांना कौतुक ऐकायचे असे, ते मधूनच उठून जात. सुभानजी त्यांना थांबवत नसे, पण सांगायचे ते सांगून पुरे करी. आतल्या खोलीत तुळजा ऐकत असे, की नसे, ते त्याला कधी कळले नाही.

तात्पर्य: आपल्या अभिमानासाठी जो जाणता माणूस अर्धेच सत्य सांगतो, त्याच्या चुकीची शिक्षा त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना भोगावी लागते.