कात आणि काटा

एकदा एक कापडाचा व्यापारी महिनाभरासाठी परगावी निघाला. त्याने घरी मोठ्या हौसेने एक अजगर पाळला होता. परमुलखातला, बिनविषारी, दोन-अडीच हात लांबीचा, आणि स्वभावाने इतका भित्रा की दार आपटले तरी वेटोळ्यात तोंड लपवी. कापडवाल्याचा साप, म्हणून त्याचे नाव मखमल.

गावाबाहेरच्या टेकडीवर आजारी सापांची शुश्रूषा करणारे एक वृद्ध गृहस्थ राहत. सारा परिसर त्यांना गुरुजी म्हणे. व्यापाऱ्याने मखमलचे काचघर त्यांच्या ओसरीवर आणून ठेवले.

"गुरुजी, याला हवेत ओलावा लागतो. साठ टक्के. कमी पडला तर कात नीट निघत नाही. पण तुम्हाला कसली काळजी नको. हे पाहा, आत आर्द्रतामापक लावलाय, पितळी चौकटीचा. याचा काटा साठावर राहिला की झालं!"

गुरुजींची दृष्टी मंदावली होती, त्यामुळे काट्याचे काम विश्वंभरकडे आले. विश्वंभर हा त्यांचा चाळिशीतला शिष्य. पंधरा वर्षे एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उपकरणे सांभाळून मग तो सर्पविद्या शिकायला आला होता. माणसांवर त्याचा फारसा विश्वास नव्हता, सापांवर अजून बसायचा होता. यंत्रांवर मात्र तो अढळ होता. काटा अठ्ठावन्नावर उतरला की तो पाण्याचा एक फवारा मारी. बासष्टावर चढला की जाळीवरचे फडके बोटभर सरकवी. संध्याकाळी गुरुजींपुढे उभा राहून सांगे, "साठ, गुरुजी."

"छान," गुरुजी म्हणत.

दहाव्या दिवशी मखमलचे डोळे दुधाळ झाले, अंगाचा रंग विटला. कात टाकण्याची वेळ जवळ आली होती. तो सरपटत पाण्याच्या भांड्याशी गेला आणि आत जाऊन बसला. भांडे लहान, साप मोठा. अर्धे पाणी बाहेर सांडले. तरी तो तीन दिवस तिथून हलला नाही. विश्वंभरने काट्याकडे पाहिले. साठ. त्याने वहीत नोंद केली : 'सापास जलक्रीडा आवडते.'

चौदाव्या दिवशी कात निघाली, पण तुकड्यातुकड्यांनी. शेपटीच्या टोकाशी तर जुन्या कातेचा एक कडक वेढा तसाच आवळून राहिला. आणि नेमका त्याच दुपारी, काम लवकर उरकल्यामुळे, व्यापारी दारात हजर झाला.

"अहो, ही कात आहे की कात्रणं?" तो ओरडला. "माझ्याकडचा शिकाऊ शिंपीसुद्धा एवढ्या चिंध्या करत नाही! आणि तो वेढा? रक्त अडेल, शेपटी झडेल त्याची!"

विश्वंभरने वही पुढे धरली. "शेठ, चौदा दिवस, दिवसातून सहा वेळा पाहिलंय. साठ, साठ, साठ. माझ्याकडून चूक झालेली नाही."

"मग कोणाकडून झाली?"

विश्वंभरने प्रामाणिकपणे विचार केला. "सापातच काही दोष असू शकेल," तो म्हणाला.

गुरुजी इतका वेळ बोटांनी तो वेढा चाचपत होते. त्यांनी तो ओढला नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या पंच्यात मखमलला अलगद गुंडाळून टोपलीत ठेवले आणि म्हणाले, "विश्वंभरा, मीठ आण. आणि लोणच्याची एक रिकामी बरणी."

वाटीत मीठ घेऊन ते त्यांनी चिखलासारखे ओले केले. वाटी बरणीत ठेवली, तिच्या शेजारी तो आर्द्रतामापक उभा केला आणि झाकण घट्ट लावले.

"पितळी आहे हो ते!" व्यापारी कळवळला.

"शेठ, वय झालंय त्यांचं," विश्वंभर त्याच्या कानाशी लागला. "परवा चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला." मग मोठ्याने त्याने विचारले, "गुरुजी, याचं लोणचं घालायचंय का?"

"हो. उद्यापर्यंत मुरू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे बरणीभोवती जमले. काटा ब्याण्णवावर असल्याचे विश्वंभरने वाचून सांगितले.

गुरुजी म्हणाले, "ओल्या मिठाशेजारी कोंडलेल्या हवेत ओलावा पंचाहत्तर टक्केच राहतो. उन्हाळा असो, हिवाळा असो, मिठाला कोणाची भीड नाही. हे यंत्र मात्र सतरा जास्त सांगतंय. मग तुझे ते साठ म्हणजे खरे किती?"

"त्रेचाळीस," विश्वंभर म्हणाला.

"मापणाऱ्यालाही एकदा मापावं लागतं, बाबा. आणि तेही अशा कशापाशी, जे आपल्या सोयीने बदलत नाही. खरं तर दुसरा एक मापक त्या काचघरात होताच. कोरडं पडलं म्हणून तो तीन दिवस पाण्यात जाऊन बसला होता. त्याला फक्त आकडे येत नव्हते."

विश्वंभरने वही मिटली. त्याने टोपली जवळ ओढली, हात ओले केले आणि मखमलला पंच्यासकट हळूच आपल्या मुठीतून सरकू दिले. एकदा, दोनदा, दहादा. कितव्या तरी खेपेला वेढा ओल्या कागदासारखा सुटून पंच्याला चिकटून राहिला. खालचे टोक मऊ होते, आणि ते वळवळले.

"जिवंत आहे!" व्यापारी ओरडला.

त्याच दिवशी काचघराची अर्धी जाळी झाकली गेली, ओल्या शेवाळाचा एक डबा सापाला लपायला मिळाला, आणि पितळी चौकटीवर चिठ्ठी लागली : 'यातून सतरा वजा करावे.' व्यापारी साप घेऊन समाधानाने परतला.

तो गेल्यावर विश्वंभर गुरुजींपाशी येऊन बसला.

"गुरुजी, ही मिठाची युक्ती तुम्हाला आधीपासून ठाऊक होती. मग पहिल्याच दिवशी का नाही केलीत?"

गुरुजींनी मिठाची वाटी बरणीतून बाहेर काढली.

"तू रोज येऊन साठ म्हणायचास," ते म्हणाले. "ऐकून मला बरं वाटायचं."

विश्वंभर हसला नाही. त्याने मान हलवली आणि तसाच शेजारी बसून राहिला.

ज्या उत्तराने आपल्याला बरे वाटते, तेच आधी तपासून घ्यावे. न आवडलेले उत्तर तपासायला आपण तसेही कधी विसरत नाही.