स्वस्त हब आणि बाबांच्या पोळ्या

एक वृद्ध सायकलस्वार घाटाच्या पायथ्याशी राहत असत. सायकलवरून घाट कसा चढावा, हे ते मोठ्या माणसांनाही हौसेने शिकवत, म्हणून सारे गाव त्यांना मास्तर म्हणे. त्यांची शिष्या वैजयंती नुकतीच लग्न होऊन त्या गावी आली होती. तिचे माहेर घाटापलीकडे. "सायकलवर आलीस, तर पुरणपोळ्या मी लाटीन," असे तिचे वडील फोनवर हसत म्हणाले होते. ज्या गृहस्थांनी जन्मात पोळपाटाला हात लावला नव्हता, त्यांची ही प्रतिज्ञा! ती पुरी करून घ्यायचीच, असा वैजयंतीने चंग बांधला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती सायकल घेऊन मास्तरांकडे आली, तीच मुळी पडेल चेहऱ्याने.

"मास्तर, चाकाच्या मधला तुंबा, हा हब, मी स्वस्तातला घेतला. चाकाची आस डुगडुगत होती, म्हणून मी गच्च आवळली. आता जराही हलत नाही, पण साध्या चढावरसुद्धा जीव जातोय. शेवटी हलका माल तो!"

मास्तरांनी चाक काढून आस चिमटीत फिरवली. ती अडखळत, करकरत फिरली. तेव्हा त्यांनी नट फिरवायचे दोन पाने लावले आणि तिने एवढ्या कष्टाने आवळलेला हब खुशाल सैल केला. आस पुन्हा किंचित डुगडुगू लागली.

"अहो, हे काय करताय? सकाळी घाट चढायचाय मला!" वैजयंती कळवळली.

मास्तर हसले. "बाळ, आत छर्रे आहेत, पोलादाच्या बारीक गोळ्या. त्यांना फिरायला जागा नको का? चाक बसवून आवळलं, की एवढी ढील आपोआप जाते. स्वस्त वस्तूवर तुझा विश्वास नव्हता, म्हणून तू तिचा गळाच आवळलास. दोष आहेत हो त्याच्यात. वजनाला जड, पाणी लवकर आत शिरतं, ग्रीस लवकर सुकतं. वेळच्या वेळी उघडला नाहीस, तर आतून झिजेल. पण तो उघडता येतो, हा केवढा गुण! दोन पाने असले की तुझं तूच काम करशील, आणि छर्रे कुठल्याही बाजारगावात मिळतील."

"मग तुमच्या सायकलला महागडा हब कशाला?"

"मी आळशी, म्हणून! तो वर्षानुवर्षं काही मागत नाही. पण रुसला, की मला शहर गाठावं लागतं."

दोघेही खळखळून हसले. मग वैजयंतीने स्वतःच ग्रीस भरले आणि हवी तेवढीच ढील ठेवून हब बंद केला.

दुसऱ्या दिवशी घाट चढताना ती घामाघूम झाली, चाक मात्र कुरकुरले नाही. माथ्यावरून तिने माहेरी फोन केला, "बाबा, पोळपाट काढा!"

माहेरी पोचली, तर वडील पोळपाटापुढे बसलेले, मिशांना पीठ, आणि पोळी फाटून पुरण बाहेर.

"बाबा, कणीक केवढी घट्ट भिजवलीत!"

"सैल ठेवली तर फाटेल ना गं?"

वैजयंतीला मास्तरांचे दोन पाने आठवले आणि ती पोट धरून हसत सुटली. तिने कणकेला पाणी लावले, तेल घालून ती मऊ तिंबली आणि वडिलांच्या हाती दिली. पुढची पोळी तव्यावर टम्म फुगली. वडिलांनी ती साऱ्या घराला मिरवून दाखवली आणि पहिला घास लेकीला भरवला.