त्रेपन्न लाल बियांची कुंडी

रुंजीच्या आईच्या गळ्यावर गाठ आली होती. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी, आता चांगली पेरूएवढी. डोंगरावरच्या त्या इवल्याशा वाडीत अर्ध्याअधिक बायकांना अशी गाठ होती, त्यामुळे कुणाला नवल वाटत नसे.

"असायचंच ते," शेजारची भागामावशी म्हणायची.

रुंजीला ते पटत नव्हतं. आईला घास गिळवत नव्हता. दोघींचं पोट गजऱ्यांवर चालायचं, आणि हल्ली दोन गजरे गुंफले की आई भिंतीला टेकून डोळे मिटायची.

"असायचंच कसं?" असं पुटपुटत एका सकाळी रुंजीने दोऱ्याचं रीळ कमरेला खोचलं आणि ती फुलं वेचायला देवराईत शिरली.

आत, वेलींच्या हिरव्यागार पडद्यामागे, एक बाग लखलखत होती! चिमुकल्या काचेच्या कुंड्यांच्या रांगाच रांगा. कुणी सोनेरी, कुणी चंदेरी, कुणी पोपटी. मोरपंखी पंखांची एक परी झारीने पाणी घालत होती, फक्त डावीकडचा पहिला खांब, म्हणजे वरपासून खालपर्यंतची कुंड्यांची उभी ओळ, सोडून.

"या खांबातल्या बऱ्याच जणांना पाण्याचा थेंब लागला की फटाका उडतो," ती म्हणाली. "बोल, काय हवं?"

"आईची गाठ जाऊ दे." नमस्कार करायचा राहूनच गेला.

"गाठी मी घालवत नाही, बाळ. पण तुमच्या डोंगराची माती पावसाने धुऊन नेली, आणि तिच्याबरोबर एक जण निघून गेला. तो ताटात येत नाही म्हणून गळे फुगतात. तो या बागेत आहे. ऊब लागली की जांभळा धूर सोडतो. शोध आणि ने. पण नावं विचारायची नाहीत. कुंडी एकच उचलायची, तीही एकदाच. आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत परत यायचं."

रुंजी रांगांमधून चालू लागली. प्रत्येक कुंडीच्या मधोमध लाल आणि राखाडी बियांचा घोस होता, आणि त्याभोवती काजवे रिंगणं धरून फिरत होते. पहिल्या कुंडीत एक लाल बी, एक काजवा. दुसरीत दोन, दोन. तिसरीत तीन, तीन.

"राखाडी बिया नुसत्या वजनाला," मागून परी म्हणाली. "कोण कोण आहे ते लाल बियांवरून ठरतं."

प्रत्येक रांगेच्या उजव्या टोकाच्या कुंडीत बसलेल्यांची रिंगणं भरलेली होती. जेवण झालेल्या पाहुण्यांसारखे ते पाय पसरून बसले होते. त्यांना कुणाशी बोलायची गरजच नव्हती.

तिसऱ्या रांगेत मात्र रडारड चालली होती.

"ए ताई! माझ्या बाहेरच्या रिंगणात हा एकटाच काजवा आहे. नको झालाय गं मला!" डाव्या टोकाचा चंदेरी ओरडला.

"आणि मला एकच कमी आहे हो! सात आहेत, आठवा मिळेना!" जवळजवळ पार उजवीकडून एक हिरवट-पिवळा भुणभुणला.

रुंजीने वर पाहिलं. सूर्य चढत होता. कुंडी उचलावी तर आईची कुंडी राहणार. "गप्प बसा दोघं," ती म्हणाली आणि तिने कमरेचं रीळ सोडलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने दोरा ताणला. काजवा दोऱ्यावरून तुरुतुरु पलीकडे गेला. आणि काय! दोघे असे ओढले गेले की कुंड्यांतून टुणकन उडी मारून एकमेकांना बिलगले, आणि जमिनीवर पांढऱ्याशुभ्र मिठाची रास पडली.

"जांभळा धूरवाला ना?" राशीतून हिरवट-पिवळ्याचा आवाज आला. "आमच्याच घरातला तो. आम्हा सगळ्यांच्या बाहेरच्या रिंगणात मुळात सातच."

तेवढ्यात पहिल्या खांबातली एक कुंडी सुंदर जांभळी चमकली. रुंजीचा हात पुढे गेला आणि थांबला. हिच्या बाहेरच्या रिंगणात तर एकच काजवा! हिरवट-पिवळ्याच्या घरातला असेल, तर बाहेर सात हवेत. म्हणजे खांबच वेगळा.

ती धावत हिरवट-पिवळ्याच्या रिकाम्या जागेपाशी गेली आणि तिथून सरळ खाली उतरली. खालच्या कुंडीत तांबूस-तपकिरी, पस्तीस बिया, बाहेर सात काजवे. त्याच्या खाली करडा, उदास, कुणी ढुंकूनही पाहू नये असा. बिया त्रेपन्न. काजवे दोन, आठ, अठरा, अठरा आणि बाहेर... सात!

तिने ती कुंडी उचलली. तळहाताची ऊब लागताच आत जांभळ्या धुराची नाजूक वेल उमलली.

"वेळेत आलीस," परी म्हणाली. "पण ही आईपुरतीच हं."

"आईला किती लागेल?"

"जन्मभरात चमचाभर."

"चमचाभर! मग बाकीचं काय उशाला घेऊ? भागामावशी आहे, सगळी वाडी आहे. द्यायची तर सगळ्यांसाठी द्या, परीताई. नाहीतर मी इथेच बसते."

परी खुदकन हसली. तिने कुंडीतला कणभर करडा चुरा मिठाच्या राशीवर शिंपडला. रास वाढत वाढत पोतंभर झाली. परीचे पंख उजळले, मग उजेडच उजेड झाला, आणि त्या उजेडात बाग, कुंड्या, परी, सगळं विरघळून गेलं. उरलं ते फक्त मिठाचं पोतं.

रुंजीने ते मीठ घरोघरी वाटलं. पहिल्या महिन्यात काहीच झालं नाही. "बघ, म्हटलं नव्हतं?" भागामावशी म्हणाली. रुंजी रोज तिच्या ताटात डोकावून मीठ घातलंय ना ते बघायची.

पुढे कितीतरी महिन्यांनी एका सकाळी आई चोळीचं गळ्यालगतचं बटण लावत होती. ते लागलं. तिने पुन्हा काढून पुन्हा लावून पाहिलं, मग भाकरीचा मोठा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि घटाघट पाणी न पिता गिळला.

"रुंजे," ती म्हणाली, "आज आमटीत मीठ जरा जास्तच पडलंय."

"असू दे," रुंजी म्हणाली. "खा."