मुकादमाचा पहिला घाव

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, सागाच्या रानावर पोट भरणारं. त्या गावात दसरू नावाचा मुकादम होता. लाकूडतोड्यांचा म्होरक्या, आणि रागाच्या बाबतीत म्हणाल तर साक्षात जमदग्नी.

गावाची रीत पिढ्यानपिढ्यांची होती. साग तोडायचा तो जमिनीलगत आणि तिरका, म्हणजे पाणी निथळून जातं. खुंटाला मात्र हात लावायचा नाही. त्यालाच फुटवे येतात आणि नातवंडांच्या वेळेपर्यंत पुन्हा झाड उभं राहतं. आणखी एक रीत होती. मुकादमाने पहिला घाव घातल्याशिवाय कुणी कुऱ्हाड उचलायची नाही. त्याने घातला, की मग कुणी काही विचारायचं नाही.

दसरू या रितींना जिवापलीकडे जपायचा, निदान तसं सांगत तरी फिरायचा. एकदा सोमारी नावाच्या विधवेने चुलीसाठी खुंटाचा एक ओला फुटवा तोडला. लेकरू तापाने फणफणलं होतं, काटक्या शोधत हिंडायला तिला सवड नव्हती. दसरूने तिला भर चावडीत उभं केलं, नाही नाही ते बोलला आणि आठ दिवस कामावर घेतलं नाही. गाव म्हणालं, मुकादम असावा तर असा. अहो, एकट्या बाईवर डाफरायला काय लागतं?

मग एका उन्हाळ्यात भाऊराव कंत्राटदार आला. त्याला आता ओंडके नको होते, मुळासकट खुंट हवे होते. शहरातली बडी मंडळी म्हणे त्या मुळांवर काच ठेवून दिवाणखान्यात मिरवतात. झाडाचा जीव जाईना का, यांचा चहा ठेवायला टेबल झालं पाहिजे! लाकूडतोड्यांनी नकाराच्या माना हलवल्या. पण भाऊराव पक्का होता. चाळीस जणांशी वाद घालण्यापेक्षा एकाला गाठावं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

त्याने दसरूला वखारीत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, कपबशीतून चहा दिला. "मुकादमसाहेब, नमुन्याला एकच खुंट द्या," तो म्हणाला.

दसरूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुंटाला हात लावाल तर याद राखा, हे शब्द अगदी ओठांवर आले. पण जन्मात त्याला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. शब्द त्याने चहाबरोबर गिळले आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एका खुंटाच्या मुळावर घाव घातला. मागे चाळीस माणसं उभी होती. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की पहिला घाव पडला. दसरू नमुना घेऊन वखारीत गेला आणि संध्याकाळी परत आला, तोवर निम्मा डोंगर खणून झाला होता. तो पिसाळला. कुणी सांगितलं रे तुम्हाला, म्हणून एकेकाच्या अंगावर धावून गेला.

सोमारीने हातातली पहार खाली ठेवली. "तुम्हीच पहिला घाव घातलात, बाबा," ती म्हणाली.

अजूनही वेळ गेली नव्हती. वखारीत जाऊन भाऊरावाला तोंडावर नाही म्हणायचं, एवढंच काम होतं. तेवढी छाती त्याला झाली नाही. तो घरी गेला आणि बायकोवर खेकसला. चार दिवसांत उरलेले खुंटही ट्रकात चढले.

पावसाळ्यात डोंगरावर एकही फुटवा आला नाही. माती मात्र खाली आली आणि गावाची भातखाचरं बुजली. भाऊराव पुन्हा फिरकला नाही.

पुढल्या वर्षी ओढ्यापलीकडच्या राईत तोड निघाली. तेवढंच रान आता उरलं होतं. दसरूने कुऱ्हाड उचलली, तशी सोमारी झाडाला पाठ लावून उभी राहिली.

"माझ्यावर ओरडलात तेव्हा तुमचा आवाज शिवेपर्यंत गेला होता," ती म्हणाली. "कंत्राटदारापुढे कुठे मेला होता तो?"

दसरूने सवयीने डोळे वटारले. या वेळी कुणीच मान खाली घातली नाही. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. त्या दिवसापासून त्या गावात पहिला घाव एकट्याचा राहिला नाही. सगळ्यांना विचारल्याशिवाय रानात कुऱ्हाड चालत नाही.

तात्पर्य: जो राग गरिबावर तुटून पडतो आणि बड्यापुढे शेपूट घालतो, तो कशाचंच रक्षण करत नाही, तो नुसता माज असतो.